प्राथमिक शाळेचा आठवडा : उपक्रम व अध्ययन यांचा परस्परसंबंध

प्राथमिक शाळेतील अध्यापनाचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः दोन परिमाणांवर खिळलेले असते. एक तासिका व दुसरे शैक्षणिक वर्ष. पाठाचे टाचण तासिकेसाठी काढले जाते आणि प्रगतीचा हिशेब वर्षाच्या शेवटी मांडला जातो. या दोहोंच्या मध्ये असलेला जो आठवडा, त्याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे क्वचितच होतो. वस्तुतः मुलाच्या दृष्टीने पाहता आठवडा हेच शालेय जीवनाचे स्वाभाविक एकक होय. सहा-सात वर्षांच्या मुलाला महिना आणि वर्ष यांची कल्पना अंधुकच असते. परंतु आज कोणता वार हे ते रोज फळ्यावर वाचते, शनिवारी शाळा सकाळची हे त्यास ठाऊक असते, आणि गावचा बाजार ज्या वारी भरतो तो वार तर घरातील सर्वांच्याच हिशेबात असतो.

साप्ताहिक उपक्रमांचे महत्त्व आज सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो त्या उपक्रमांतून अध्ययन केव्हा घडते व केव्हा घडत नाही, हा. उपक्रमाचे शैक्षणिक मूल्य तो आठवड्याच्या उरलेल्या दिवसांशी कसा जोडला जातो यावर अवलंबून असते. ही जोडणी आपोआप होत नाही, ती शिक्षकास जाणीवपूर्वक करावी लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. उदाहरणे शक्यतो छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या व मराठवाड्याच्या परिसरातून घेतली आहेत.

१. आठवड्याचे गणित

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षास किमान २०० दिवस व ८०० अध्यापन-तास विहित केलेले आहेत. शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास, पूर्वतयारीसह, ४५ धरले आहेत. सहा दिवसांचा आठवडा मानल्यास २०० दिवसांचे सुमारे ३३ आठवडे होतात, आणि प्रत्येक आठवड्याच्या वाट्यास सुमारे २४ तास अध्यापन येते. शनिवारची शाळा तीन तासांची धरली तर ती आठवड्याच्या अष्टमांश भरते.

हा अष्टमांश लहान नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. योग, आरोग्य, रस्तासुरक्षा, खेळ व कृती अशा विषयांना त्यात स्थान आहे. ‘दप्तराविना शाळा’ ही कल्पनाही शिक्षकवर्गात रुजलेली आहे. या उपक्रमांमागील हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु आनंद शनिवारकडे आणि अभ्यास उरलेल्या पाच दिवसांकडे, अशी वाटणी जर मुलांच्या मनात झाली, तर दोन्हींचे नुकसान होते. पाच दिवस अधिक रुक्ष होतात आणि सहावा दिवस पोकळ राहतो. जॉन ड्यूई यांनी १९३८ साली बजावले होते की सर्व अनुभव शिक्षणदायी नसतात. जो अनुभव पुढील अनुभवाची वाट मोकळी करतो तोच शिक्षणदायी. शनिवारच्या उपक्रमास लावावयाची कसोटी हीच होय.

२. वर्गजीवनाची न लिहिलेली पाठ्यक्रमिका

आठवड्याचा बराचसा भाग कोणत्याही विषयाच्या नावाने मोजला जात नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा व पाढे यांनी सिद्ध होणारा परिपाठ, त्यानंतरची हजेरी, पाणी पिण्यास जाण्याची परवानगी, पोषण आहाराची पंगत, वर्ग झाडण्याची पाळी, या सर्वांतून मूल काही ना काही शिकत असते. अमेरिकन अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली वर्गजीवनावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की शाळेत मूल मुख्यतः तीन गोष्टींशी जुळवून घेण्यास शिकते : गर्दीत राहणे, सतत इतरांकडून पारखले जाणे, आणि आपल्याहून अधिक अधिकार असलेल्याच्या आज्ञेत असणे.

आपल्याकडील वर्गात यास आणखी काही पदर आहेत. एकाच बाकावर मराठवाडी बोली बोलणारे मूल, घरी गोरमाटी बोलणारे तांड्यावरचे मूल, आणि क्वचित दखनी उर्दू बोलणारे मूल बसलेले असते. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, वाढावयास कोण उठतो, झाडू कोणाच्या हाती जातो, यातून समतेचा धडा जितका पक्का होतो, किंवा मोडतो, तितका नागरिकशास्त्राच्या पाठातून होत नसावा. परिपाठात सुविचार सांगण्याची संधी आठवड्यात सहा मुलांना मिळू शकते. चाळीस मुलांच्या वर्गात पाळी चुकू दिली नाही तर सात आठवड्यांत प्रत्येक मूल एकदा सर्वांपुढे उभे राहते. पाळी न ठेवल्यास तीच चार-सहा चुणचुणीत मुले वर्षभर उभी राहतात. आठवड्याची आखणी ही अशा रीतीने न्यायाचीही बाब असते.

३. बाजार आणि पाटी

जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकप्रिय असलेला एक उपक्रम म्हणजे ‘बालबाजार’. मुले घरून भाजी, फळे, खाऊ आणून शाळेच्या पटांगणात दुकाने मांडतात व पालक ग्राहक होऊन येतात. छत्रपती संभाजीनगर शहरात जाफर गेटचा रविवारचा बाजार व छावणीचा गुरुवारचा बाजार प्रसिद्ध आहे. खेड्यांतूनही आठवडी बाजाराची प्रथा जिवंत आहे. तेव्हा या उपक्रमाची मुळे परिसरात खोल आहेत, आणि व्यवहारातून गणित शिकवावे या तत्त्वाशी तो सुसंगतही आहे.

या तत्त्वाचा आपल्याकडील इतिहास जुना आहे. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी पाठ करून घेत. बाजारातील शेर, पावशेर, रुपया, आणा यांचे हिशेब तोंडी व्हावेत हा त्यामागील उद्देश होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे लागू होऊ लागली, आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे प्रयोजन ओसरले. तथापि त्यांतील एक सत्य विसरण्यासारखे नाही : शाळेतील गणित आणि बाजारातील गणित यांना जोडणारा एक पूल त्या काळी प्रत्यक्ष अभ्यासक्रमातच होता. तो पाठांतराचा पूल होता, त्यात समजेचा भाग थोडा होता, हे खरे. परंतु तो होता.

असा पूल नसल्यास काय होते याचे दोन अभ्यास उद्‌बोधक आहेत. ब्राझीलमधील रेसिफे येथे तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर व अ‍ॅनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचे निरीक्षण केले व १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष विक्रीत या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड निव्वळ संख्यांच्या रूपात कागदावर दिल्यावर हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. पाच मुलांवरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही, असा आक्षेप घेता येण्यासारखा होता. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच निष्कर्षास बळकटी आली. ही मुले बाजारात गुंतागुंतीचे हिशेब अचूक करीत. शाळेतील मांडणीची, तितक्याच किंवा कमी अवघड गणिते मात्र त्यांना सुटत नव्हती. उलट बाजूही तितकीच विचार करण्याजोगी आहे. जवळच्या शाळांतील मुले साधी लेखी गणिते अधिक बरोबर सोडवीत. परंतु बाजारातील जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडविला, तो शाळेतील मुलांपैकी अवघ्या एक टक्क्यास जमला.

याचे कारण हिशेबाच्या रीतीत दडलेले आहे. छत्तीस रुपयांची भाजी घेऊन ग्राहकाने पन्नासाची नोट दिली असता विकणारे मूल वजाबाकी मांडत नाही. ‘छत्तीस आणि चार चाळीस, आणि दहा पन्नास’ असे म्हणत ते चौदा रुपये ग्राहकाच्या हातावर ठेवते. म्हणजे बेरीज करीत पुढे जाते. पाटीवर तेच उदाहरण आले की शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करून दहा एकक घ्यावे लागतात. दोन्ही रीती निर्दोष आहेत. परंतु या दोन रीती एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत हे मुलास कोणी सांगितलेले नसते, आणि ते त्याचे त्याला उमगेल अशी अपेक्षा करणे या अभ्यासांच्या आधारे अनाठायी ठरते.

४. जोडलेला आठवडा

यावरून बालबाजाराची आखणी कशी असावी याचा आराखडा करता येतो. समजा, इयत्ता तिसरीचा वर्ग आहे. सोमवारी भाज्यांचे भाव मुलांनीच घरून विचारून आणावेत, ते फळ्यावर लिहावेत, व त्यांवर तोंडी उदाहरणे व्हावीत. मंगळवारी खोट्या नोटा व नाणी घेऊन सुटे परत देण्याचा खेळ जोडीजोडीने खेळावा. बुधवारी तेच व्यवहार प्रथम संख्यारेषेवर पुढे जात व नंतर उभ्या मांडणीत वजाबाकीने सोडवावेत आणि दोन्ही उत्तरे का जुळतात याची चर्चा करावी. आठवड्याचा कणा हा बुधवार होय. गुरुवारी भाषेच्या तासाला दुकानाचे फलक लिहावेत. एकाच भाजीची मराठी, गोरमाटी व उर्दू नावे शेजारी शेजारी यावीत. शुक्रवारी किलो, अर्धा किलो, पाव किलो, जुडी व वाटा यांचा विचार व्हावा : पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे ठरलेले, पण वाटा किती मोठा हे विकणाराच ठरवितो, मग वाट्याचा भाव रास्त आहे हे कसे ओळखावे? शनिवारी प्रत्यक्ष बाजार भरावा. त्यात प्रत्येक मूल एकदा विक्रेता व एकदा ग्राहक व्हावे, आणि पैशांची देवघेव मुलांनीच करावी.

येथवरची मांडणी अनेक शिक्षक थोड्याफार फरकाने करतात. जो दिवस बहुधा गळतो तो पुढचा सोमवार. शनिवारी उपक्रम झाला, छायाचित्रे निघाली, अहवाल गेला, आणि सोमवारी नवा पाठ सुरू झाला, असे घडते. वस्तुतः शनिवारी कोठे सुटे चुकले, कोणाच्या हिशेबात दहा रुपये कमी भरले, हेच सोमवारचे सर्वोत्तम उदाहरण असते; ते मुलांनी स्वतः अनुभवलेले असते आणि त्याचे उत्तर त्यांना हवे असते. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखविले होते की शिकलेले ज्ञान आरंभी झपाट्याने व नंतर मंद गतीने विसरले जाते, आणि अंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. न्यूझीलंडचे ग्रॅहम नथॉल यांनी प्रत्यक्ष वर्गांतील मुलांच्या दीर्घ निरीक्षणानंतर असा निष्कर्ष काढला की एखादी संकल्पना मुलास आत्मसात व्हावयाची तर ती त्यास पूर्णपणे किमान तीन वेगवेगळ्या प्रसंगी भेटावी लागते. आठवडा हा अशा तीन भेटी घडविण्यास पुरेसा मोठा व त्या विसरून जाण्याच्या आत घडविण्यास पुरेसा लहान असा अवधी आहे.

औपचारिक उपक्रमांच्या पलीकडेही हे तत्त्व लागू पडते. जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेत २०१९ साली परकीय भाषा शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा चौथी ते आठवीच्या मुलांपैकी बहुतेकांनी यंत्रमानव व तंत्रज्ञान यांच्या ओढीने जपानी भाषा निवडली. २०२० साली शाळा बंद असताना आठवड्याच्या शेवटी दूरस्थ वर्ग होत. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना शिकलेल्या मुलांनी शिकवावे अशी ‘विषयमित्र’ पद्धत तेथे ठेवण्यात आली. साप्ताहिक वर्ग उरलेल्या दिवसांत पोहोचला तो या बालमित्रांमुळे. शिकविण्यासाठी आठवावे लागते, आणि आठवणे हीच उजळणी.

५. तुटणारा आठवडा

मराठवाड्यातील प्राथमिक शाळेचा विचार अनुपस्थितीचा विचार केल्याखेरीज पुरा होत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांनी मागे राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही आईवडिलांबरोबर जाणारी मुले असतातच. कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी, बाजाराच्या वारी वडिलांबरोबर जाणारा मुलगा, ही हजेरीपटावर किरकोळ वाटणारी पण अध्ययनास खीळ घालणारी अनुपस्थिती होय.

जोडलेला आठवडा आखल्यास अशा मुलांचे नुकसान अधिक होईल, अशी शंका घेता येईल. विचारांती ती टिकत नाही. ज्या वर्गात एक गोष्ट एकदाच भेटते तेथे त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलास ती कधीच भेटत नाही. ज्या वर्गात ती आठवड्यात तीनदा भेटते, तेथे एक दिवस चुकलेल्या मुलास ती दोनदा तरी भेटते. महिनोन्‌महिने दूर राहणाऱ्या मुलास एवढ्याने पुरेसे होणार नाही. त्याच्यासाठी परतल्यावर कोणत्या आठवड्यापासून उचलावयाचे याची नोंद ठेवणे हाच पहिला उपाय. आणि बाजाराच्या वारी गैरहजर राहणारा मुलगा त्या दिवशी जो हिशेब करून येतो, तो सोमवारच्या वर्गास उपयोगी पडणारा आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

६. संशोधनाची एक दिशा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून शालेय उपक्रमांचा अभ्यास पुष्कळदा प्रश्नावलीने होतो : उपक्रम राबविता काय, मुलांना आवडतो काय, इत्यादी. अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा होकारार्थीच येतात व त्यांवरून अध्ययनाविषयी फारसे काही कळत नाही. त्याऐवजी एका वर्गात सलग सात शालेय दिवस, म्हणजे सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत, बसावे. तीन-चार मुलांवर लक्ष ठेवावे. त्यांत एक वारंवार गैरहजर राहणारे मूल अवश्य असावे. प्रत्येकाने त्या आठवड्यात काय हाताळले, काय बोलले, काय लिहिले, याची दिवसवार नोंद करावी. मग एकच प्रश्न विचारावा : शनिवारी या मुलाने जे केले, त्याची खूण पुढच्या सोमवारच्या वहीत सापडते काय?

सापडत असेल तर तो उपक्रम अध्ययनाचा भाग झाला असे म्हणता येईल. सापडत नसेल, तर दोष आनंदाचा नाही व उपक्रमाचाही नाही. मधला दुवा घालावयाचा राहून गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुढच्या आठवड्यात घालता येण्यासारखा असतो.