वस्त्रावरचे नाव आणि पायाखालची गादी

आषाढ सरून श्रावण लागला, की रत्नागिरीतील महाविद्यालयांत अभ्यासक्रमाच्या जोडीने दुसरे एक वेळापत्रक सुरू होते. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवातील दक्षिण रत्नागिरी विभागाची प्राथमिक फेरी तोंडावर आलेली असते. बाहेर पावसाची संततधार लागल्यामुळे मैदान निरुपयोगी झालेले असते. आणि मग १९४५ साली स्थापन झालेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेपासून तो अलीकडे निघालेल्या लहान महाविद्यालयांपर्यंत, जिथे म्हणून पंधरा-वीस मुलामुलींना हातपाय मोकळे करण्याइतकी फरशी सापडेल तिथे लोकनृत्याच्या तालमी चालू होतात. जाखडी, कोळीनृत्य, गोंधळ ही त्या तालमींची परंपरागत सामग्री. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्यात एक नवा अंश येऊन मिसळला आहे. नाचता नाचता एखाद्या मुलीला दोघांच्या खांद्यांवर उभी करायची, एखाद्या सडपातळ मुलाला हवेत उडवून पलीकडच्या चौघांनी झेलायचे, आणि शेवटच्या ठेक्याला तीन थरांचा मनोरा रचून टाळ्या घ्यायच्या, हा शेवट आता जवळजवळ ठरून गेला आहे. तो आला दूरचित्रवाणीवरून. आणि त्याच्याबरोबर जी जोखीम आली, तिचा विचार मात्र आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने झालेला नाही.

हा इतिहास फार जुना नाही. १९९६ साली सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झाली आणि घरात आरशासमोर नाचणाऱ्या सामान्य मुलालाही देशापुढे उभे राहता येते, ही गोष्ट प्रथमच लोकांच्या मनावर ठसली. २००५ साली 'नच बलिये' आली, तिच्या पहिल्याच पर्वात सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर हे मराठी दांपत्य विजयी ठरले. पुढे झी मराठीवर 'एकापेक्षा एक' मध्ये तेच सचिन 'महागुरू' या नात्याने परीक्षकाच्या आसनावर बसले. आणि २००९ मध्ये 'डान्स इंडिया डान्स' निघाल्यानंतर तर नृत्य हा रीतसर व्यवसाय होऊ शकतो, असे तालुक्याच्या गावातले पालकही मानू लागले. या कार्यक्रमांनी फार मोठे काम केले, हे मी निःसंकोच म्हणतो. ज्या समाजात मुलाने नाचणे हा अब्रूचा प्रश्न समजला जाई, त्याच समाजात वडील मुलाला घेऊन निवड-चाचणीच्या रांगेत पहाटेपासून उभे राहू लागले, हे परिवर्तन लहान नव्हे.

तथापि दूरचित्रवाणीच्या स्पर्धेला स्वतःचा एक कायदा असतो. कलावंताला दोन-तीन मिनिटांचा अवधी मिळतो. प्रेक्षक हातातल्या यंत्राने क्षणात दुसरीकडे वळू शकतो. सबब त्या दोन-तीन मिनिटांत डोळे विस्फारतील असे काही घडावेच लागते. पदन्यासातील सूक्ष्मता, लयीचा हळूहळू चढत जाणारा आलेख, भावाची सावकाश उकल या गोष्टी त्या अवधीत मावत नाहीत. उंची मात्र मावते. म्हणूनच एकामागून एक पर्वे गेली तसतशी उडी उंच होत गेली आणि झेल धाडसी होत गेला. त्या उडीमागे महिनोन्‌महिने जाड गाद्यांवर केलेला सराव असतो, आणि तो प्रेक्षकाला दिसत नाही. रत्नागिरीतला विद्यार्थी भ्रमणध्वनीवर ती उडी शंभरदा पाहतो, आणि गादी एकदाही पाहत नाही.

या धाडसी नृत्याचे माहेर शोधायला फार दूर जावे लागत नाही. कोकणातून पोटासाठी मुंबईला गेलेला चाकरमानी जागा परवडेनाशी झाल्यावर ज्या उपनगरांत सरकत गेला, त्या भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा या पट्ट्यातच हे समूह उभे राहिले. तेथील 'किंग्ज युनायटेड' या समूहाने २०१९ च्या मे महिन्यात 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही अमेरिकन वाहिनीवरील स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी 'व्ही अनबीटेबल' हा दुसरा समूह 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' या कार्यक्रमात उतरला. भाईंदर-नायगाव परिसरातील झोपडवस्त्यांतून आलेले, अगदी कोवळ्या वयाच्या मुलांपासून पंचविशीच्या तरुणांपर्यंतचे सुमारे तीस जण त्यात होते. २०१९ साली त्यांना चौथे स्थान मिळाले. आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्याच कार्यक्रमाच्या गाजलेल्या स्पर्धकांसाठी भरविलेल्या विशेष पर्वात ते अजिंक्य ठरले.

त्यांच्या नावातले 'व्ही' हे अक्षर विकास या त्यांच्या सहकाऱ्याचे आहे. या यशाच्या काही वर्षे आधी, सराव चालू असताना, विकासला अपघात झाला. शरीर लुळे पडले. आणि थोड्याच आठवड्यांत तो गेला. समूहाने नृत्य सोडले नाही. त्यांनी स्वतःच्या नावात त्याचे आद्याक्षर घेतले, रंगमंचावर घालायच्या वस्त्रांवर त्याचे नाव लिहिले, आणि परदेशातील परीक्षकांनी विचारले तेव्हा आपण हे त्याच्यासाठी करतो असे सांगितले. गरिबीत वाढलेल्या या पोरांजवळ मित्राचे स्मारक उभारायला ना जागा होती, ना पैसा. त्यांनी ते अंगावर वागविले. या निष्ठेपुढे मान लवते, आणि ती लवलीच पाहिजे.

परंतु श्रद्धेने लवलेली मान पुन्हा वर उचलून एक प्रश्न विचारणे हेही मृताचेच ऋण आहे. एखाद्या समूहातला एक जण त्या समूहाच्याच परंपरेपायी गेला, तर मागे राहिलेल्यांनी त्या परंपरेचे काय करावे? ती थांबवावी, की गेलेल्याच्या नावाने तितकीच उंच चालू ठेवावी?

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठापुढे हा प्रश्न अत्यंत भीषण स्वरूपात उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथील विद्यार्थी दर वर्षी, प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी होणाऱ्या फुटबॉलच्या सामन्यापूर्वी, ओंडक्यांची प्रचंड होळी रचून पेटवीत असत. रचना विद्यार्थीच करीत. झाडे तेच तोडीत, ओंडके तेच चढवीत. आणि रचण्याची विद्या वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे तोंडी जात असे. कागदावर आराखडा नव्हता, कोण्या अभियंत्याची मंजुरी नव्हती. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी, सुमारे ५९ फूट उंचीला पोहोचलेली आणि जवळपास ५,००० ओंडक्यांची ती रास, विद्यार्थी तिच्यावर काम करीत असतानाच कोसळली. १२ जण मृत्यू पावले, २७ जखमी झाले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने २००० च्या मे महिन्यात अहवाल दिला. वरच्या थरांचे ओंडके खालच्या थरांत पाचरीसारखे घुसले आणि तळाच्या थराला आवळून धरणारे बंधन अपुरे पडले, ही तांत्रिक कारणे त्यात आहेतच. पण त्याचबरोबर अशा धोकादायक बांधकामाकडे वर्षानुवर्षे केवळ परंपरा म्हणून पाहणाऱ्या संस्थेच्या कारभारावरही आयोगाने ठपका ठेवला. माझ्या मते त्या अहवालाचा हा दुसरा भाग कोणत्याही देशातल्या महाविद्यालयाने आपल्या दफ्तरी ठेवावा असा आहे.

विद्यापीठाने आपल्या आवारातील होळी बेमुदत बंद केली. २००४ साली, बरोबर पाच वर्षांनी, त्याच जागी स्मारक झाले: गेलेल्या बारा जणांसाठी बारा दारे, प्रत्येक दार त्या त्या व्यक्तीच्या गावाच्या दिशेला तोंड करून. दर वर्षी १८ नोव्हेंबरला त्याच पहाटेच्या घटकेस लोक तेथे जमतात. याच विद्यापीठात २१ एप्रिलला आणखी एक जुना रिवाज पाळला जातो. वर्षभरात निवर्तलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांची हजेरी घेतली जाते, आणि नाव पुकारले की त्याचे आप्त किंवा सोबती 'हजर' म्हणून उत्तर देतात. काही विद्यार्थ्यांनी पुढे आवाराबाहेर, विद्यापीठाचा संबंध न ठेवता, होळी पुन्हा सुरू केली. मात्र रचना बदलली, आणि प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलाच पाहिजे असा दंडक घातला. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच दंडक. कारण झालेल्या चुकीचे उत्तर त्याच्यात आहे.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण दहीहंडीचे. गोविंदांच्या थरांची चढाओढ वाढली, लाखांची बक्षिसे लागली, थर कोसळून मृत्यू घडू लागले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांहून उंच थरांना आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागाला मनाई केली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट चौदा वर्षांवर आली. २०२२ साली शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि गोविंदांच्या विम्याची तजवीज केली. उंचीचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद राहतील. पण निदान वय, विमा आणि जबाबदारी हे शब्द तिथे व्यवहारात आले. महाविद्यालयीन नृत्याच्या तालमीत ते अजून आलेले नाहीत.

शोकाची आपली रीत वेगळी आहे. शोकसभा भरते, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, त्या वर्षीचे स्नेहसंमेलन रद्द होते, आणि कालांतराने एखादा स्मृतिचषक ठेवला जातो. स्मृतीसाठी करंडक ठेवण्याची ही प्रथा उदात्तच आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून एका नाट्यप्रेमी माणसाचे नाव चालवितो आणि त्याने मराठी रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या नट दिले. या जिल्ह्यालाही सामुदायिक शोक अनोळखी नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि तीतून अवघा एक जण वाचला. त्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी शेजारच्या रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले होते. अशा वेळी अश्रू खरे असतात. पण अपघातात मृत्यू येतो तेव्हा स्मृतिचषकाबरोबर एक नियमही मागे राहायला हवा, आणि तो पुढच्या प्रत्येक तालमीच्या आधी मोठ्याने वाचला गेला पाहिजे, हे आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

तालमीतील पडण्याचा धोका नेमका कशात आहे, हे जाणणे कठीण नाही. मानेत सात मणके असतात. डोके खाली करून पडणाऱ्या माणसाचा सारा भार त्यांवर येतो. तेथील मज्जारज्जूला इजा झाली तर हात-पाय लुळे पडतात. आणि श्वासपटलाला चालविणारी नस तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या आसपास निघत असल्यामुळे इजा तेवढी वर असेल तर श्वासही धोक्यात येतो. अशा वेळी भोवतालचे लोक प्रेमापोटी जे करतात, म्हणजे बगलेत हात घालून उठवून बसविणे, पाणी पाजणे, रिक्षात वाकवून घालणे, त्यानेच कित्येकदा अधिक हानी होते. पडलेल्याला आहे तसाच ठेवावा, डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तालमीला हजर असणाऱ्या प्रत्येकाला एवढे ठाऊक असलेच पाहिजे.

आणि उंचीवाचून नाच फिका पडतो, हेही खरे नाही. याचा दाखला रत्नागिरीच्या मातीतच आहे. गौरी-गणपतीत गावोगाव होणारी जाखडी पाहा. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि साथीदार बसलेले. त्यांच्याभोवती वर्तुळात तरुण नाचणारे, एका पायात चाळ बांधलेले. शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यातला सवाल-जवाब रंगत जातो, तशी लय वाढते, वर्तुळ वाकते, वळते, आणि सगळे चाळ एकाच क्षणी जमिनीवर पडतात. ही सुद्धा स्पर्धाच. मुंबईच्या नाट्यगृहांत तिचे सामने तिकीट लावून होतात. तिच्यात हार-जीत आहे, ईर्षा आहे, प्रेक्षकांचा कल्लोळ आहे. फक्त कोणाचा जीव कोणाच्या निसटत्या बोटांवर लोंबत नाही. शिमग्यात खांद्यावर पालखी नाचविणाऱ्या माणसांचे पायही असेच जमिनीला घट्ट धरून असतात. परीक्षकाने गुण देताना उंचीपेक्षा या पायांकडे अधिक पाहिले, तर तालमींचे स्वरूप एका वर्षात बदलेल. कारण विद्यार्थी गुणांच्या मागे जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

धाडसाला मी विरोध करीत नाही. ज्यांना ते करायचे आहे त्यांनी व्ही अनबीटेबलच्या मुलांचे कष्टही घ्यावेत आणि त्यांच्या दुःखाचा अर्थही. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील प्राचार्यांना, सांस्कृतिक विभागप्रमुखांना आणि पालकांना माझी विनंती आहे, की येत्या युवा महोत्सवाच्या तालमी सुरू होण्याआधी चार गोष्टींची लेखी तजवीज करावी: जाड गादीशिवाय कोणालाही खांद्यापेक्षा वर चढवू नये, जाणत्या प्रशिक्षकाच्या गैरहजेरीत झेल-फेकीचा सराव करू नये, सहभागी विद्यार्थ्यांचा विमा उतरवावा, आणि 'मला हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला संघातून काढू नये. विद्यापीठाने या चार अटी स्पर्धेच्या नियमावलीत घातल्या, तर उत्तमच. तोवर प्रत्येक महाविद्यालयाने त्या आपल्या सूचनाफलकावर लावाव्यात, आणि त्यांखाली प्राचार्यांची सही असावी.