संगणकाचा चित्र-दुभाषी आणि वऱ्हाडचा उन्हाळा

वैशाखांतील लग्नसराई आणि वऱ्हाडचें ऊन हीं दोन्हीं बरोबरच येतात. अकोल्यास वा अमरावतीस लग्नाचे आल्बम सजविणारा एखादा छायाचित्रकार भर दुपारीं संगणकापुढें बसतो. पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हां उजळतो, आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, तो सांवरला आहे' अशा अर्थाची सूचना येते. चारदोनदां असें झालें कीं काम जतन होण्यापूर्वींच सारें यंत्र बंद पडतें. मग कोणी तरी सांगतो, "कार्ड जळालें, नवें घ्या." हा हजारों रुपयांचा खर्च पुष्कळदां अनाठायीं असतो, कारण सूचनेंत ज्याचें नांव येतें तोच अपराधी असतो, असें नाहीं.

ड्रायव्हर म्हटला कीं मोटार हांकणारा आठवतो. येथें मात्र तो दुभाष्याचें काम करतो. विंडोजची भाषा ग्राफिक्स कार्डाला थेट कळत नाहीं. म्हणून कार्डाचा कारखानदार एक आज्ञासंच देतो आणि तो या दोघांमध्यें उभा राहतो. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून या व्यवहारावर एक पहारा बसविण्यांत आला. नेमून दिलेलें काम कार्डानें दोन सेकंदांत सोडलें नाहीं, तर विंडोज ड्रायव्हरास थांबवून पुन्हां सुरू करते; एका मिनिटांत हा प्रसंग पांचांहून अधिक वेळां आला, तर सारा संगणकच थांबवते. पहारेकऱ्यास दिसतें तें एवढेंच कीं उत्तर वेळेवर आलें नाहीं. दुभाषी चुकला, कार्ड तापलें, कीं वीज अपुरी पडली, हें त्यास ठाऊक नसतें.

ड्रायव्हरांचीं पातकेंहि लहान नाहींत. २००८ सालीं अमेरिकेंतील एका दाव्यांत मायक्रोसॉफ्टचीं अंतर्गत पत्रें उघड झालीं; त्यांत, व्हिस्टा बंद पडल्याच्या नोंदींपैकीं २८.८ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या माथीं होत्या. २०१० च्या मार्चमध्यें याच कंपनीनें आपली १९६.७५ ही आवृत्ति मागें घेतली, कारण तिच्यामुळें कार्डावरील पंख्याचें नियंत्रण बिघडत होतें. म्हणजे दोष दुभाष्याचा, आणि ताप कार्डाला!

वऱ्हाडांत आधीं घड्याळ पाहावें. विंडोजमधील 'इव्हेंट व्ह्यूअर' नांवाच्या नोंदवहींत अशा प्रसंगांची वेळ ४१०१ या क्रमांकाखालीं सांपडते. बिघाड दुपारींच होत असेल आणि पहांटे तेंच काम निर्वेध पार पडत असेल, तर संशय उष्णतेचा. पंखा कार्डाला खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, तर कार्डाचें तपमानहि सुमारें तितकेंच चढूं पाहतें. त्यांत काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या मोसमांत रुईचे तंतू पात्यांआड बसतात. यंत्र बंद करून, वीज तोडून, पंखा बोटानें धरून ही धूळ उडवावी. कित्येक घरीं संगणकच कूलरच्या तोंडाशीं ठेवतात, हा उपाय कांहीं खरा नव्हे; दमट हवा आंत शिरते आणि धूळ अधिकच चिकटून बसते. कूलरची किंवा पंपाची मोटर सुरू होण्याच्या क्षणींच पडदा काळा होत असेल, तर विजेचा दाब तपासून घ्यावा.

वेळेचा असा मेळ बसत नसेल, किंवा बिघाड ड्रायव्हर बदलल्या दिवसापासूनचा असेल, तर मात्र त्याच्याकडे वळावें. विंडोज पुष्कळदां न विचारतां नवा ड्रायव्हर बसवते, आणि नवी आवृत्ति ती चांगलीच, ही समजूत भोळी आहे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें 'रोल बॅक ड्रायव्हर' ही कळ दाबली कीं मागची आवृत्ति परत येते. ती कळ निष्क्रिय असेल, तर जुना ड्रायव्हर समूळ काढून कार्डाच्या कारखानदाराच्या संकेतस्थळावरून दुसरा आणावा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कारखानदाराकडून आणणें बरें. धूळ झाडणें, ड्रायव्हर बदलणें आणि तारा हलविणें हें सारें एकाच दुपारीं करूं नये. गुण कशानें आला तें मग कधींच कळत नाहीं.

इतकें करूनहि पडदा काळा होतच राहिला, तर कार्ड ओळखीच्या दुसऱ्या संगणकांत बसवून पाहावें. तेथेंहि, पहांटेच्या गारव्यांत, तें तसेंच अडलें, तरच नव्या कार्डाची किंमत विचारण्यास दुकानाची पायरी चढावी.