परदेशातल्या फुटबॉल कॅम्पला मुलांना पाठवावं का?

भातकापणी झाली की गोव्यातली शेतं फुटबॉलची मैदानं होतात, हे आपल्याला नवं नाही. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो ही नावं आपल्या घरांत क्रिकेटपटूंच्या बरोबरीने घेतली जातात. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले, तेव्हापासून पालकांचा उत्साह आणखी वाढला. त्यामुळे स्पेन, इंग्लंड किंवा पोर्तुगालमधल्या बड्या क्लबच्या नावाने भरणाऱ्या कॅम्पची जाहिरात मोबाइलवर आली की घरात चर्चा सुरू होते. मंडळातले पालक आम्हाला याबद्दल वरचेवर विचारतात, म्हणून हे थोडं सविस्तर.

सगळ्यात आधी निवडीची आशा बाजूला ठेवू या. ‘तिथे क्लबचे लोक बघतात, आवडला तर ठेवून घेतील’ असं पालक एकमेकांना सांगतात. फिफाच्या नियमावलीतलं १९ वं कलम सांगतं की १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये नोंदणी होऊ शकत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने, म्हणजे नोकरीधंद्यासाठी वगैरे, त्या देशात राहायला गेले असतील, हा त्यातला मुख्य. कोवळ्या मुलांना परदेशात नेऊन वाऱ्यावर सोडण्याचे प्रकार थांबावेत, म्हणून हा नियम आहे. तेव्हा १३ वर्षांच्या मुलाला कॅम्पनंतर ‘करार’ देऊ म्हणणारा एजंट भेटला, तर त्याच्याशी पुढे बोलूच नये. ‘खास चाचणी’साठी वेगळे पैसे मागणाऱ्यालाही हेच लागू.

मग प्रश्न उरतो कॅम्प नेमका कोणाचा. जर्सीवर क्लबचं चिन्ह असलं तरी बऱ्याच ठिकाणी क्लबने फक्त नाव वापरायची परवानगी दिलेली असते आणि कॅम्प चालवते दुसरीच कंपनी. त्यात गैर काही नाही, पण शिकवणारे त्या क्लबच्या अकादमीचेच प्रशिक्षक असतील असं धरून चालू नये. दिवसाचं वेळापत्रक मागून घ्यावं. सकाळी सराव, दुपारी भाषेचा वर्ग, मग स्टेडियमची सहल असा बेत असेल, तर प्रत्यक्ष मैदानावर किती तास जातात ते मोजावं. एका प्रशिक्षकामागे मुलं किती, रात्री वसतिगृहात जबाबदार कोण, लहान-मोठ्यांच्या खोल्या वेगळ्या आहेत का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही लेखी विचारावं. चांगले आयोजक अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

आपल्याकडची मोठी अडचण मात्र वेळेची आहे. युरोपातले बहुतेक कॅम्प जून अखेर ते ऑगस्ट या काळात भरतात. आपली सुट्टी मे महिन्यात, आणि जूनमध्ये शाळा सुरू झालेली असते. शाळेची परवानगी पैसे भरण्यापूर्वीच घ्यावी.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मूल एकटं जात असेल तर आई आणि वडील दोघांची संमती लागते, जन्मदाखलाही लागतो. विभक्त पालकांनी याची तजवीज आधीच करावी. मुलाकडे स्वतःचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर ही व्हिसाची कटकट नाही. आजोबांकडे असून उपयोग नाही. आणि व्हिसा नाकारला गेला तर कॅम्पचे किती पैसे परत मिळतात, हे कलम शोधून वाचावं. बहुतेक जण तेवढंच वाचायचं विसरतात.

मुलाचंही विचारायला हवं. हौस त्याची आहे की बाबांची, हे आईला आणि आजीला बहुधा आधीच ठाऊक असतं. घराबाहेर चार रात्री कधी न राहिलेलं मूल पंधरा दिवस परक्या भाषेत, परक्या जेवणावर राहील का? शाकाहारी घरातल्या मुलांचा प्रश्न तर खरोखरचा आहे, नुसत्या पावावर दोन वेळचा सराव होत नाही. बारावं वर्ष सरण्याआधी एकट्याने पाठवू नये, असं आमचं मत.

पैशांचं बोलायचं तर विमान, व्हिसा, विमा धरून खर्च लाखांत जातो. दोन आठवड्यांत खेळ फारसा बदलत नाही. तो वर्षभराच्या नियमित सरावाने आणि वयोगटाच्या लीगमधल्या सामन्यांनी बदलतो, आणि गोव्यात ती सोय घराजवळ आहे. हाताशी पैसा असेल आणि मुलाने जग बघावं, नवे मित्र जोडावेत, एवढीच अपेक्षा असेल, तर खुशाल पाठवा. कर्ज काढून किंवा दागिना मोडून पाठवायचं असेल तर आम्ही नको म्हणू. त्यापेक्षा तोच पैसा गावातल्या चांगल्या अकादमीत, बऱ्या बुटांवर आणि मुलाच्या खाण्यापिण्यावर लावावा. मनात आलंच तर कॅम्पचा विचार आणखी दोन वर्षांनी करता येतो.