पांगुळगाडा आणि बाबागाडी

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां मुंबईस धाकट्या चिरंजीवांकडे गेलों असतां एक रविवार राणीच्या बागेंत घालवावा असें ठरलें. नातवाला नुकतींच पांच वर्षें पुरीं झालीं होतीं. निघतांना सूनबाईंनीं मिटलेली बाबागाडी मोटारींत ठेवली. तें पाहून मी म्हणालों, "एवढा घोडा झाला, आतां गाडी कोणासाठीं? माझ्यासाठीं कीं काय?" सूनबाई हंसल्या व एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, परततांना पाहूं." परंतु मीं हट्टानें ती गाडी उतरवून घरीं ठेवविली. त्या दिवशीं जें घडलें त्यामुळें या विषयावरील माझें मत पुष्कळसें बदललें. म्हणून तें वाचकांपुढें ठेवतों.

हल्लीं बाजारांत, उद्यानांत, विमानतळावर, कोठेंही पाहावें तों चार-पांच वर्षांचीं धट्टींकट्टीं मुलें बाबागाडींत पाय लोंबकळत बसलेलीं आढळतात. वडील मंडळी नाकें मुरडतात, तरुण आईबाप म्हणतात, "तुम्हांला बोलायला काय जातं?" न्याय करावयाचा तर दोन्ही पक्षांचें ऐकून घेतलें पाहिजे.

प्रथम हें वाहन आलें कोठून, तें पाहूं. १७३३ सालीं विल्यम केंट या इंग्रज वास्तुकारानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांकरितां एक लहानशी गाडी तयार केली. ती ओढावयास लहानसें जनावर जुंपीत. म्हणजे मुळांत ती श्रीमंतांच्या घरची हौस. पुढें तिला ढकलावयाची दांडी आली, तरी ती जडच राहिली. १९६५ सालीं ओवेन मॅक्लारेन या अभियंत्यानें छत्रीप्रमाणें मिटणारी हलकी गाडी काढली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा गृहस्थ. भार सोसून घडी होणारी वस्तु कशी करावी, हें त्याला ठाऊक होतें. त्यायोगें गाडी जिन्यावरून नेतां येऊं लागली, मोटारींत मावूं लागली. जी वस्तु सहज बरोबर नेतां येते, ती गरज सरल्यावरही बरोबर येत राहते. मोठीं मुलें गाडींत दिसतात, याचें हें एक कारण होय.

आपल्याकडे मुलाचें पहिलें वाहन निराळें होतें. तो सुतारानें करून दिलेला तीन चाकांचा पांगुळगाडा. बाबागाडी मुलाला नेते. पांगुळगाडा मूल नेतें. दांडीला धरून उभें राहावें, एक पाऊल टाकावें, गाडा पुढें जातो म्हणून दुसरें टाकावें, असा त्याचा क्रम. आणि खरा गुण हा कीं, मूल चालूं लागलें कीं तो आपण होऊन माळ्यावर जातो. संस्कृतांत 'चर्' धातूपासून 'चरण' हा शब्द होतो आणि 'आचरण'ही त्याच धातूपासून होतो. पायांनीं चालणें आणि नीट वागणें यांचें मूळ आपल्या भाषेनें एकच मानलें, हें मी चाळीस वर्षें वर्गांत सांगत आलों.

आधुनिक वैद्यकाचें मतही याहून फार वेगळें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं कांहीं नियम सांगितले. मुलाला बाबागाडींत किंवा खुर्चींत एका वेळीं एक तासाहून अधिक जखडून ठेवूं नये. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठीं निदान १८० मिनिटें हालचाल व्हावी आणि त्यांतलीं ६० मिनिटें तरी दम लागेल अशा खेळांत जावींत. दिवसभर शाळेंत व घरांत बसणाऱ्या मुलाला रविवारीं बाहेर काढून पुन्हां बसवावयाचें, तर बाहेर काढलें तें कशाला?

एवढी सामग्री माझ्या पदरीं होती, म्हणून मी निःशंक होतों. राणीची बाग १८६२ सालची. तिला आतां वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. जुन्या वृक्षांची सांवली दाट आहे. नातू आनंदानें चालत होता. मुंग्यांच्या रांगेपाशीं तो दहा मिनिटें बसला. आम्हांलाच घाई, २०१६ सालीं आणलेले पेंग्विन केव्हां एकदां पाहतों असें झालेलें! तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, मुलाला गाडींत बसविण्याचें कारण पुष्कळदां त्याचा थकवा नसून आपली घाई असते.

अशा समाधानांत असतां समोरून एक बाई गाडी ढकलीत आल्या. गाडींत सहा-सात वर्षांचा मुलगा. मी चिरंजीवांना म्हणालों, आणि शिक्षकाचा आवाज तो, सगळ्यांना ऐकूं जावयाचाच: "पाहा, केवढा मुलगा गाडींत!" बाई थांबल्या. शांतपणें म्हणाल्या, "आजोबा, त्याला चालायला फार आवडतं. पण स्नायूंचा विकार आहे. पन्नास पावलांवर पाय साथ देत नाहींत." मीं हात जोडले आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "असूं द्या. रोज कोणीतरी म्हणतंच." मुलगा माझ्याकडेच पाहत होता. त्या 'रोज'पुढें माझें चाळीस वर्षांचें व्याकरण थिटें पडलें.

पुढें दोन तासांनीं आमचे चिरंजीव नातू वाटेवरच बसले. पाय दुखतात, म्हणाले. मीं उचलून घेतलें. अठरा किलोंचें ओझें शंभर पावलेंही माझ्या गुडघ्यांना पेललें नाहीं. शेवटीं त्याला बापानें खांद्यावर घेतलें आणि पाण्याच्या बाटल्या, डबे, पिशव्या असा सारा भार सूनबाईंवर पडला. त्या एक शब्दही बोलल्या नाहींत. मला मात्र माझें बालपण आठवलें. पांचव्या वर्षीं पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी आपल्या पायांनीं चढलों, हें मी सर्वांना अभिमानानें सांगत असें. पण उतरतांना मी काकांच्या खांद्यावर झोपलेला असें, हें सांगावयाचें राहून जाई. पायऱ्या आठवल्या, काकांचा खांदा विसरलों! एकत्र कुटुंबांत मुलाला घ्यावयास आत्या, काका, मोठीं भावंडें, अशा पांच-सहा कडा असत. आज दोघांच्या बिऱ्हाडांत बाबागाडी हीच आत्या आणि हाच काका.

तेव्हां माझें आतांचें मत असें. चालतां येणाऱ्या मुलानें सहलीची सुरुवात पायांनींच करावी. लांबच्या दिवशीं गाडी बरोबर असावी, पण रिकामी. मुलानें मागितल्यावर बसूं द्यावें, आपण घाईस आलों म्हणून बसवूं नये. आणि विसांवा झाला कीं उतरवावें. गाडीला किती वजन चालतें तें पाहावें. पुष्कळ गाड्या १५ ते २२ किलोंपर्यंतच्याच असतात आणि पांच वर्षांचें मूल त्या मर्यादेजवळ आलेलें असतें. दांडीला जड पिशव्या अडकवूं नयेत. मूल उतरतांच गाडी मागें कलंडते. उन्हाळ्यांत गाडीवर कापड झांकूं नये. आंत वारा न खेळल्यानें उकाडा वाढतो. आणि सरकत्या जिन्यावर मुलाला काढून, गाडी मिटूनच जावें. दुसऱ्याच्या गाडींत किती मोठें मूल बसलें आहे, हें मोजण्याचें काम मात्र आपलें नव्हे.

पुढच्या रविवारीं आम्ही समुद्रावर गेलों, तेव्हां गाडी मींच मोटारींत ठेवली. सूनबाईंनीं पाहिलें व न पाहिल्यासारखें केलें. उतरल्याबरोबर नातवानें तींत पाण्याची बाटली आणि माझी शाल ठेवली, दांडी धरली आणि गाडी ढकलीत तो पुढें निघाला. बाबागाडीचा त्यानें पांगुळगाडा केला होता. परततांना तो तींत झोंपला, आणि ती ढकलण्याचा मान मीं कोणाला दिला नाहीं.