गालाचं कातडं होतं तेव्हा

"आ करा, आणि तुमचीच तीन बोटं उभी आत घाला." तोंडाच्या विकारांची तपासणी अनेकदा अशी सुरू होते. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. सुपारी-गुटखा चघळणाऱ्या पंचविशीतल्या पोराची दोन जातात, कधी एकच. त्याआधी त्याला तिखट झोंबू लागलेलं असतं, गाल आतून पांढुरके पडलेले असतात. मग चामड्याच्या वादीसारखे ताठ पट्टे बोटाला लागतात. हा सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी तो केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांमध्ये.

बिघाड असतो पेशींच्या मधल्या जागेत. पेशींभोवती त्यांनीच विणलेलं जाळं असतं, एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. त्यातला मुख्य धागा कोलॅजेन. त्याची रचना आपल्याच देशात उलगडली. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली दाखवलं की कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. त्यासाठी नमुने मिळाले ते तिथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून, कारण कातडं म्हणजे बहुतांशी कोलॅजेनच.

ही वीण सतत उसवली आणि नव्याने विणली जाते. तिला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की वेणी सैल पडते. पूर्वी लांबच्या सफरीवर स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, त्या यामुळेच.

सुपारी नेमकं उलटं करते. तिच्यातलं ॲरेकोलीन विणकर पेशींना जादा कोलॅजेन विणायला लावतं. तिच्यात तांबंही भरपूर, आणि वेण्या एकमेकींना सांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावरच चालतं. राहिलं टॅनिन. हिरडा किंवा बाभळीची साल वापरून कातडं कमावतात ते टॅनिनसाठीच, कोलॅजेन घट्ट बांधून ते कुजू नये म्हणून. सुपारीचं टॅनिन जिवंत गालात तेच काम करतं. मग जुनी वीण उसवणाऱ्या विकरांचं काही चालत नाही. गाल अक्षरशः कमावला जातो.

यात तंबाखूचं नाव आलं नाही, हे लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच, तंबाखूविना, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. सुपारी मात्र पूजेच्या ताटातून आणि लग्नाच्या विड्यातून घरात मानाने येते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा अभिमान मलाही आहे. तरीही "तंबाखू सोडली, आता नुसती गोड सुपारी" असं कुणी समाधानाने सांगितलं की मला भीती वाटते. मुलांच्या हातात ती पुडी देणं तर अक्षम्य आहे.

उपचार आहेत: जबड्याचे व्यायाम, गालात हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं (हे विकर मॅट्रिक्समधलाच एक घटक विरघळवतं), शेवटी पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया. पण सुपारी चालू ठेवली तर पट्टे पुन्हा धरतात. सोडली तरी ताठरलेला गाल पूर्ववत मऊ होईलच असं नाही, आणि कर्करोगाचा धोका मागे राहतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते.

आज आरशासमोर उभे राहा, घरातल्या तरुणांनाही उभं करा, आणि तीन बोटं घालून पाहा. जात नसतील तर सुपारी आजच थांबवा आणि याच आठवड्यात दंतवैद्याला तोंड दाखवा.