अंबरनाथ परिसरांतील विद्यार्थि-शिबिरें आणि जुनीं साधनें

शिबिर हा शब्द अमरकोशांत सैन्याच्या तळास लाविलेला आहे. कल्याणनजीकचें उल्हासनगर महायुद्धकालीन लष्करी छावणीवर वसलें व १९४९ सालीं त्यास हें नांव मिळालें. सिंधी निर्वासितांच्या त्या वस्तीचे भाग अद्यापि ‘कॅम्प’ म्हणूनच क्रमांकानें ओळखले जातात. परंतु तेथील आणि अंबरनाथ-बदलापुराकडील महाविद्यालयांत आज शिबिर म्हणजे सुटींतलें श्रमसंस्कार शिबिर होय. त्याचा आपल्या साधनांशीं काय संबंध पोहोंचतो तें येथें सांगावयाचें आहे.

या प्रथेचें मूळ थोडक्यांत असें. १९५९ मध्यें चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें तरुणांसाठीं सक्तीची राष्ट्रसेवा सुचविली; ती अंमलांत आली नाहीं. पुढें गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकानें दोन वर्षांत २४० तास सेवा करावी व सात दिवसांच्या निवासी शिबिरास जावें, असा तिचा सामान्य क्रम. बोधचिन्ह कोणार्कच्या रथाचें चाक. पुराणवस्तूंशीं या मुलांचा संबंध एवढाच, असें कोणी थट्टेनें म्हणेल.

वस्तुतः तो फार निकट आहे. शिबिर खेड्यांत पडतें. गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणें, विहिरीचा गाळ उपसणें, देऊळ व पार झाडून रंगविणें अशीं कामें असतात. हा मुलूख शिलाहारांचा. पाराशीं पडलेला दगड गद्धेगाळ असूं शकतो: वर चंद्रसूर्य, मध्यें दानलेख, खालीं दान मोडणारास गर्दभाची शिवी. भिवंडीजवळ चौधरपाडा येथील केशिदेवाचा शके ११६१ चा लेख अशाच शिळेवर आहे. अशा दगडावर तैलरंगाचा एक हात फिरला कीं अक्षरें बुजतात. तारेच्या ब्रशानें घासला कीं झिजतात. मुलें हें भक्तीनें करितात, म्हणूनच त्यांस आधीं सांगणें अवश्य आहे.

विद्यार्थ्यांच्या हातून उलट कार्यहि झालेलें आहे. शके ९८२ चा लेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयाचीं रेखाचित्रें व ठसे १८६८ मध्यें मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करविले होते.

कागदांचा प्रश्न याहून बिकट. पडक्या घराची सफाई करितांना मोडी रुमाल रद्दींत जातात, कारण मुलांस तें लेखन आहे हेंच ओळखूं येत नाहीं. ७५ वर्षांहून जुनें ऐतिहासिक मोलाचें हस्तलिखित १९७२ च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरतें, हें गृहस्वामीसहि ठाऊक नसतें.

सबब संग्राहकांनीं महाविद्यालयाच्या कार्यक्रमाधिकाऱ्यास भेटून शिबिराच्या पहिल्या सायंकाळीं एक तास मागून घ्यावा. मोडीचें एक पान व गद्धेगाळाचें एक छायाचित्र दाखविलें तरी पुरे. दगड हालवूं नये, रंगवूं नये. मापें घ्यावीं, छायाचित्र काढावें, जागा लिहून ठेवावी. कागद दिसल्यास ज्याचे त्याच्याच घरीं कोरड्या जागीं बांधून ठेववावे. येथें आपल्यांतील कांहींजणांस स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, स्वयंसेवकांकरवीं पोथ्या फुकट गोळा करविण्याचा मोह त्यांनीं धरूं नये. एका घरची पोथी अशी नाहींशी झाली तर पुढल्या वर्षीं त्या गांवांत मुलांसहि कोणी दार उघडणार नाहीं.

पुष्कळ शिबिरें डिसेंबर-जानेवारींत भरतात. गांवाची निवड तत्पूर्वींच होते. तेव्हां पत्र दिवाळीच्या आधीं गेलें पाहिजे.