मुठीसाठी लाकूड कोणतं? दरेकसाच्या जंगलातली उत्तरं

माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दरेकसा स्टेशनवर उतरलात, तर वाटेतल्या गावांत कुऱ्हाडीचे दांडे जरूर निरखा. धावडा! चिवट, जड, घाव झेलणारा. रेषा दांड्याच्या लांबीनं सरळ धावायला हव्यात; तिरप्या असतील तर दांडा तिथूनच फाटतो.

चाकूच्या मुठीसाठी माझी पसंती तेंदूला. पानं विडीला जातात हे सगळ्यांना ठाऊक, पण जुन्या झाडाचा गाभा काळाभोर असतो. आबनूस याच कुळातला! लाकूड सावलीतच वाळवा आणि टोकांना मेण लावा, नाहीतर चिरा पडतात.

पात्याचं शेपूट मुठीत बसवायला एपॉक्सी सोपं, पण जुनी पद्धत लाखेची. छिद्रात लाखेची पूड भरायची, शेपूट तापवून आत दाबायचं. मूठ बदलायची झाली की पुन्हा तापवा, सुटते. अर्थात असा चाकू उकळत्या पाण्यात धुवायचा नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

आणि हो, जिवंत झाड तोडायचं नाही. आरागिरणीतले तुकडे पुरतात.